बेलफळ कुठल्या हेडखाली टाकायचं? जुन्या वाचनालयाच्या अनुदानाचा माझा अनुभव

इमारत हेरिटेज आहे म्हटलं की समोरच्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, मग काय, सरकारकडून पैसे मिळत असतील तुम्हाला. आमच्या गिरगावातल्या वाचनालयाच्या कमिटीतही निम्म्या लोकांचा हाच समज होता. मी तिथे सहचिटणीस. नोकरी इन्शुरन्समध्ये असल्यामुळे फॉर्म, पुरावे, झेरॉक्स, क्वेरी या सगळ्याला मी घाबरत नाही, म्हणून हे काम आपसूक माझ्या गळ्यात पडलं. ज्यांच्याकडे अशी एखादी जुनी वास्तू आहे, ट्रस्टची, संस्थेची, त्यांच्यासाठी सविस्तर लिहितेय.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, कारण हे कळेपर्यंत लोकांचं एक वर्ष चुकीच्या ऑफिसांत जातं. 'हेरिटेज' हे तीन वेगवेगळ्या याद्यांमध्ये असू शकतं. केंद्राचं पुरातत्त्व सर्वेक्षण १९५८ च्या कायद्याखाली जी स्मारकं सांभाळतं ती एक यादी. राज्याचं पुरातत्त्व खातं १९६० च्या कायद्याखाली जी राज्य संरक्षित स्मारकं म्हणून जाहीर करतं ती दुसरी. आणि मुंबई महापालिकेची ग्रेडवाली यादी ही तिसरी, ग्रेड वन, टू-ए, टू-बी, थ्री, जी १९९५ च्या हेरिटेज नियमावलीतून आली. पहिल्या दोन याद्यांत असाल तर सरकारी खर्चाने जतन होऊ शकतं. आपल्या दक्षिण मुंबईतल्या बहुतेक इमारती मात्र तिसऱ्या यादीत आहेत, आणि त्या यादीत असणं म्हणजे बदल करण्यावर बंधन, पैसे नाहीत. आमची टू-बी.

तसं त्या नियमावलीत हेरिटेज इमारतींच्या दुरुस्तीला मदत म्हणून आयुक्तांच्या हाताखाली वेगळा निधी उभारण्याची तरतूद लिहिलेली आहे. ती वाचून आमचे अध्यक्ष अण्णा भलतेच खुश झाले होते. पण अर्ज करता येईल असा चालू फॉर्म काही माझ्या हाती लागला नाही. मग कुणीतरी म्हाडा सुचवलं. म्हाडाचं दुरुस्ती मंडळ उपकरप्राप्त इमारतींना हात लावतं, म्हणजे ३० सप्टेंबर १९६९ पूर्वीच्या आणि दुरुस्ती-उपकर भरणाऱ्या. आमच्याकडे राहते भाडेकरू कुणीच नाहीत, जागा ट्रस्टची, त्या यादीत नाव नाही, विषय संपला. टीडीआरचाही, म्हणजे विकता येणाऱ्या बांधकाम-हक्काचाही सल्ला मिळाला, एक बिल्डर तर पेढे घेऊन आला होता. हेरिटेजमुळे जे बांधकाम करता येत नाही त्याच्या बदल्यात टीडीआर, तो दुसरीकडे विकायचा, हे कायदेशीर आहे. पण ती नुकसानभरपाई झाली, अनुदान नव्हे, आणि ट्रस्टच्या मालमत्तेचा व्यवहार म्हटला की धर्मादाय आयुक्तांची परवानगी आली. पेढे खाल्ले आणि त्याला वाटेला लावला.

इमारतीची अवस्था सांगते. तळमजला अधिक एक, दगडी भिंती, वर सागवानी वासे आणि मंगलोरी कौलं, आत एक सुंदर लाकडी जिना ज्याचा कठडा हलतो. तीस वर्षांवरच्या इमारतीला महापालिका कायद्याच्या ३५३-ब खाली स्ट्रक्चरल ऑडिट लागतं, ते करून घेतलं तर सी-टू-बी आलं, म्हणजे रिकामी करायची गरज नाही पण दुरुस्ती करा. सी-वन आलं असतं तर हे लिहायला वाचनालयच उरलं नसतं. सगळ्यात वाईट होती ती वाचन कक्षाची पश्चिमेकडची भिंत, तिला लोणा, म्हणजे क्षार लागून प्लास्टर पापुद्र्यांनी सुटत होतं, आणि गंमत म्हणजे ते प्लास्टर जुनं नव्हतंच, कधीतरी आधीच्या कमिटीने 'पक्कं' म्हणून सिमेंटचं करून घेतलेलं होतं.

आता पैसा कुठून. आम्ही शासनमान्य 'अ' वर्ग वाचनालय, म्हणजे १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली परिरक्षण अनुदान दरवर्षी येतं, पण ते पगार, पुस्तकं, वर्तमानपत्रं यातच जातं. खरी वाट ग्रंथपाल काकांनी दाखवली. कोलकात्याचं राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान, १९७२ पासूनचं, केंद्राच्या सांस्कृतिक खात्याखाली आहे. त्यांच्या योजना दोन प्रकारच्या, समान निधी म्हणजे राज्य सरकार जो वाटा ठेवतं त्याला जोडून ते देतात, आणि असमान निधी म्हणजे प्रतिष्ठानच्या स्वतःच्या पैशातून. यात पुस्तकं, फर्निचर, साधनसामग्री, महोत्सवी वर्ष, आणि इमारत बांधकाम किंवा विस्तार, असं सगळं येतं. अर्ज जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांमार्फत जातो, पुढे ग्रंथालय संचालनालय, तेही आपलं फोर्टातलं टाऊन हॉल, १८३३ ची इमारत, त्या प्रचंड दगडी पायऱ्या चढून. इमारत वाचवण्याच्या फायली घेऊन त्या पायऱ्या चढताना मला दरवेळी थोडं बरंच वाटायचं. प्रस्ताव इंग्रजी किंवा हिंदीत, चार प्रतींत द्यायचा. मराठी वाचनालयाचा मराठी ठराव इंग्रजीत करण्यात आमची एक रात्र गेली.

योजना वाचली की एक गोष्ट डोळ्यात भरते, बांधकाम आहे, विस्तार आहे, पण जी आहे ती इमारत जशीच्या तशी टिकवायची याला रकाना नाही. इथे आमच्या कॉन्झर्वेशन आर्किटेक्ट मॅडमनी जे केलं ते सगळ्यांनी करण्यासारखं आहे. त्यांनी इमारतीचा नकाशा टेबलावर पसरला आणि म्हणाल्या, "अख्ख्या इमारतीला पैसे मागू नका. कुणी देणार नाही. तुकडे पाडा, आणि प्रत्येक तुकड्याला त्याचं घर शोधा." मागच्या बाजूला पडकी पडवी होती, ती पुन्हा उभी करून बालविभाग करायचा, हा झाला 'विस्तार'. कपाटं आणि वाचनाची टेबलं महोत्सवी वर्षाच्या योजनेत. छप्पर, भिंत आणि जिना उरले, त्यातलं छप्पर आणि भिंत एका दुसऱ्या सरकारी निधीतून मिळालं, त्या खात्याचं नाव लिहीत नाही कारण पुढे जे सांगणारेय ते त्यांच्याबद्दल आहे आणि जिन्यासाठी मला अजून तिथेच जायचंय.

तिथे लागतं एस्टिमेट, आणि एस्टिमेट सरकारी दरसूचीप्रमाणे. दरसूचीत सिमेंट प्लास्टर आहे, जाडीप्रमाणे, मिश्रणाप्रमाणे, सगळं. चुन्याचं जसं आम्हाला हवं होतं तसं नाही. मग करायचं दर पृथक्करण, म्हणजे एक चौरस मीटरला चुना किती, रेती किती, सुरखी म्हणजे विटांची पूड किती, गवंडी किती वेळ, बिगारी किती वेळ, आणि प्रत्येक मालाची तीन कोटेशन्स. मॅडमच्या मिश्रणात गुळाचं पाणी होतं आणि बेलफळाचा गर होता, जुन्या पद्धतीप्रमाणे. गुळाची कोटेशन्स मिळाली. बेलफळाची आणायची कुठून, भुलेश्वरला ज्या मावशी टोपलीत बेलफळं घेऊन बसतात त्यांच्याकडे लेटरहेड नसतं हो. तिथल्या ज्युनिअर इंजिनिअरने, मुलगा चांगला होता, अगदी मनापासून विचारलं, "मॅडम, हे बेलफळ कुठल्या हेडखाली टाकू? हॉर्टिकल्चरमध्ये आयटम आहे पण तो झाडाचा आहे." आणि फाइल परत. वरून शेरा काय, तर चुन्याऐवजी सिमेंट प्लास्टर प्रस्तावित करावे म्हणजे मंजुरी सुलभ होईल.

सुलभ होईल खरी, पण लोणा त्या सिमेंटमुळेच लागला होता ना. जमिनीतून आणि फुटक्या कौलांतून ओल भिंतीत शिरणारच, मुंबईच्या पावसात ती शिरतेच. चुन्याचं प्लास्टर ती ओल बाहेर सोडतं. सिमेंट सोडत नाही, मग पाणी मागे कोंडतं, बरोबर आलेले क्षार प्लास्टरच्या आत साचून फुगतात आणि दगडाच्या पापुद्र्यासकट सगळं ढकलून देतात. हे पत्रात लिहून कळेना. शेवटी मॅडमनी त्या इंजिनिअरला साइटवर बोलावलं, स्वतःच्या गाडीच्या किल्लीने सिमेंटचा एक फुगा टोकरला, तो थाळीएवढा तुकडा खाली आला आणि मागून पांढरी भुकटी पडली, ओली. शेजारीच जिन्याखाली मूळचा चुना शाबूत होता, त्यावर किल्ली ओढली तर नुसती रेघ. मुलाने फोटो काढले, पट्टी लावून पुन्हा काढले, आणि साइट व्हिजिट रिपोर्टमध्ये ते जोडले. त्यानंतर तांत्रिक मान्यता आली. बेलफळ 'सेंद्रिय मिश्रण द्रव्ये, एकत्रित' या नावाने प्लास्टरच्या दरातच बसवलं. माझं स्पष्ट मत आहे की या सगळ्या प्रकरणात पैशाचा निर्णय त्या फोटोंनी झाला, आमच्या पत्रांनी नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. सीएस म्हणजे सिटी सर्व्हे नंबरचं प्रॉपर्टी कार्ड, ट्रस्टचं नोंदणीपत्र, शेड्यूल वन म्हणजे धर्मादाय कार्यालयातला ट्रस्टच्या नोंदीचा उतारा, तीन वर्षांचे ऑडिट रिपोर्ट, देणगीदाराला करसवलत देणारं ऐंशी-जी, एनजीओ दर्पण या सरकारी पोर्टलचा नंबर, पीएफएमएस या सरकारी पैसे वाटपाच्या प्रणालीवर नोंद, कमिटीचा ठराव, आपला वाटा बँकेत असल्याचा दाखला. यातलं शेड्यूल वन आजच्या आज काढून बघा. आमच्याकडे विश्वस्त म्हणून नावं होती त्यातले बहुतेक वारलेले, एकजण तर मी शाळेत असताना. विश्वस्त बदलल्याचे चेंज रिपोर्ट दाखल केलेच नव्हते कुणी. दिवंगत विश्वस्तांच्या मृत्यूच्या दाखल्यांसाठी त्यांच्या नातवंडांना डोंबिवलीपासून न्यू जर्सीपर्यंत फोन केले. आणि महापालिकेच्या हेरिटेज विभागाची परवानगी, ती मात्र मूळ पद्धतीने दुरुस्ती आहे म्हटल्यावर मला वाटलं त्यापेक्षा सरळ मिळाली. रंगाच्या छटेवर चर्चा झाली, ती व्हायलाच हवी.

मंजुरी आली म्हणजे पैसे आले असं नाही. हप्त्यांनी येतात, आणि पहिल्या हप्त्याचं उपयोगिता प्रमाणपत्र, जीएफआर म्हणजे सरकारी वित्तीय नियमांच्या १२-ए नमुन्यात, सीएच्या सहीने दिल्याशिवाय दुसरा हलत नाही. आमचा पहिला हप्ता जानेवारीत पडला आणि ३१ मार्चच्या आत खर्च दाखवा असं फर्मान. इकडे चुना विरवून हौदात मुरायला घातलेला, आणि आमचे मिस्त्री, जयपूरकडे शिकलेले, त्यांना मार्च-बिर्च काही नाही. मी रोज संध्याकाळी ऑफिसमधून उतरून जायचे आणि ते हौदातली साय बोटाने काढून मला दाखवायचे, "मॅडम, अभी नहीं. मक्खन बनने दो." चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत घट्ट होतो, एक थर नीट सुकल्याशिवाय दुसरा देता येत नाही, आणि जूनच्या आत संपवायचं कारण पावसात तो धरत नाही. सरकारचं वर्ष आणि चुन्याचं वर्ष यांचा मेळच बसत नाही, हे सगळ्यात मोठं दुखणं आहे असं मला वाटतं, पैसे कमी-जास्त हे नंतरचं. आम्ही मार्ग काढला तो असा की मार्चच्या आत सगळा माल घेऊन टाकला, कौलं, सागवान, चुना, गूळ, बिलं खरी, माल समोर, आणि मजुरी पुढच्या हप्त्यात धरली. तुमच्या मंजुरीच्या पत्रात मालखरेदी आणि मजुरी वेगळी दाखवायला परवानगी आहे का ते आधी वाचा, आमच्यात होती.

मधल्या काळात कंत्राटदाराला काय द्यायचं हा प्रश्न होताच. तो देणग्यांवर भागला. सभासदांनी दिले, एका कंपनीने सीएसआरमधून, म्हणजे सामाजिक कामाच्या निधीतून दिले. मोठी वास्तू असेल तर सांस्कृतिक मंत्रालयाचा राष्ट्रीय संस्कृती निधी आहे, १९९६ पासून, तिथे देणगीदार ठरावीक प्रकल्पासाठी पैसे देऊ शकतो आणि त्याला करात शंभर टक्के वजावट मिळते. आमच्याएवढ्या छोट्या कामाला तो करारमदार झेपला नसता. भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाचं काम २००३ मध्ये महापालिका, वारसा जपणारी इंटॅक ही संस्था आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांनी तिहेरी करार करून हाती घेतलं, युनेस्कोचा पुरस्कारही मिळाला २००५ मध्ये, अण्णा प्रत्येक मीटिंगला त्याचं उदाहरण द्यायचे. अण्णा, ते महापालिकेचं संग्रहालय आहे, आपण दोन खोल्या आणि एक पडवी आहोत, असं मी प्रत्येक मीटिंगला म्हणायचे.

आजची स्थिती अशी की छप्पर झालं, पश्चिमेची भिंत झाली आणि एक अख्खा पावसाळा कोरडी राहिली, बालविभागाचं काम जोत्यापर्यंत आलंय. भिंतीचा शेवटचा हप्ता अजून यायचाय, कारण मोजमाप पुस्तिकेत भिंतीची उंची एका ठिकाणी मीटरमध्ये आणि एका ठिकाणी फुटात लिहिली गेली आणि त्यावर क्वेरी निघालीय, ती मंगळवारी दुरुस्त करून द्यायची आहे. जिन्याचा प्रस्ताव सप्टेंबरमध्ये टाकणार, म्हणजे पैसे आलेच तर मार्चच्या आधी नीट वेळ हातात राहील. सागवानी कठड्याच्या दुरुस्तीचं दर पृथक्करण मॅडम करतायत आणि त्यात राळ, लाख आणि जवसाचं तेल आहे, त्यामुळे त्या इंजिनिअरला मी आधीच फोन करून ठेवलाय.