पायांची ड्युटी

पुणे ते सासवड हा माउलींच्या वाटेवरचा सगळ्यात दमवणारा टप्पा. त्यात बहुतेक वेळा एकादशी येते, म्हणजे पोटात साबुदाण्याची खिचडी, हातात केळं आणि पुढ्यात दिवेघाट. पुलगेट ओलांडून सोलापूर रस्त्याला लागलो, की उजव्या हाताला लष्कराची हद्द सुरू होते. वानवडीत आत कमांड हॉस्पिटल आहे, 1944 साली सुरू झालेलं कृत्रिम अवयव केंद्र आहे. आई इथे आली की टाळ थांबवून त्या बाजूला हात जोडायची. पुढची दिंडी सरकायची, मागची रेटायची, पण तिचा नमस्कार पुरा व्हायचाच. यंदा ती नाही. दिंडीची भिशी, म्हणजे वाटेतल्या जेवणखाणाची वर्गणी, मात्र जायच्या आधीच भरून ठेवलेली, म्हणून तिच्या जागी मी.

आई मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये लेफ्टनंट होती. 1971च्या डिसेंबरात पठाणकोटच्या लष्करी रुग्णालयात. शकरगडच्या आघाडीवर, बसंतर नदीच्या काठाने पाकिस्तानने सुरुंग पेरले होते. त्यात पाय गेलेली वीस-बावीस वर्षांची पोरं तिच्या वॉर्डात यायची आणि ती स्वतः तेवढ्याच वयाची. युद्धाच्या गोष्टी सांग म्हटलं की ती जखमांच्या सांगायची. सुरुंगाची जखम पहिल्या दिवशी शिवायची नसते, माती आणि बुटाचे तुकडे आत गेलेले असतात. मेलेलं मांस काढायचं, धुवायचं, उघडी ठेवायची, चार-पाच दिवसांनी स्वच्छ दिसली तर टाके. शौर्याबद्दल विचारलं की उठून कुकर लावायची. पुढे तिची बदली पुण्याला झाली, तेव्हा त्यातलेच काहीजण तिला वानवडीत नव्या पायावर उभं राहायला शिकताना दिसले.

1978 साली तिचं लग्न झालं आणि नोकरी सुटली. सुटली म्हणजे नियमानेच. वैद्यकीय मंडळाने अपात्र ठरवणं, गैरवर्तन आणि लग्न, ही तिन्ही नोकरी संपायची कारणं नियमात एका रांगेत होती. भेटायला आलेली मंडळी "मुलांसाठी केवढा त्याग केला" म्हणाली, तेव्हा मी गप्प बसले, पण मला ते पटत नाही. त्याग आपण होऊन करतात. तिला कोणी विचारलंच नव्हतं. तो नियम 1995 साली गेला. लग्नामुळे काढून टाकलेल्या एका नर्सला साठ लाख द्या, असा सुप्रीम कोर्टाचा निकाल 2024च्या फेब्रुवारीत आला. आईने ती बातमी दोनदा वाचली. "साठ लाखांत तुमच्या दोघांच्या शाळेच्या फिया निघाल्या असत्या गं," म्हणाली आणि भाजी निवडायला बसली.

आम्हाला तिने वॉर्डासारखं वाढवलं हेही खरं. चादरीचे कोपरे घडी घालून गादीखाली खोचलेले नसतील तर पोहे मिळायचे नाहीत. तापात मात्र रात्रभर उशाशी, दर दोन तासांनी थर्मामीटर, आकडे कॅलेंडरच्या मागे लिहिलेले. आजही जुन्या कॅलेंडरांवर आमचे गोवर-कांजिण्या आहेत.

वारीत ती रमली त्याचं कारण मला संध्याकाळच्या समाजआरतीत कळलं. हजारो माणसं टाळ कुटत असतात. चोपदार दंड वर करतो आणि सगळं एकदम थांबतं. ज्या दिंडीची काही तक्रार असेल, तिचेच टाळ वाजत राहतात, मग तिचं म्हणणं ऐकून घेतात. हा सोहळा लावून देणारे हैबतबाबा आरफळकर शिंद्यांच्या दरबारातले सरदार. आईला त्यांचं भारी कौतुक.

त्याआधी, राहुटीत पोहोचल्याबरोबर तिची ड्युटी लागायची. पत्र्याचा डबा, घमेलं, पोटॅशियमचं गुलाबी पाणी. यंदा डबा माझ्यापुढे. पहिलाच पाय आला तो परभणीकडच्या मावशींचा, टाचेवर लिंबाएवढा फोड आणि त्यातून ओवलेला काळा दोरा.

"मावशी, दोरा कशाला? आईने सांगितलं नव्हतं का, दोऱ्याने पू होतो?"

"सांगायची की. दरसाल शिव्या द्यायची. म्हून तर ओवला, म्हटलं हिला ठावं हाय का बघावं."

मी दोरा काढला. उकळलेल्या सुईने फोडाच्या कडेला भोक पाडलं, पाणी दाबून काढलं, वरची कातडी तशीच ठेवली. कातडी सोलायची नाही, तीच खरी पट्टी, हे तिचं. वर जाळीचा कपडा, मग बँडेज.

"एवढं आवळू नगं बाय. ती सैल बांधायची, बोट जाईल एवढं."

सोडून पुन्हा बांधलं. सासवडला दोन मुक्काम असतात, तेव्हा उद्या पाय अजिबात टेकवायचा नाही, असं मी बजावलं. मावशींनी मान डोलावली, चपला काखोटीला मारल्या आणि बाहेर फुगड्या चालल्या होत्या तिकडे गेल्या. घमेल्यातलं पाणी बदलून मी पुढच्या आजोबांना बसवलं.