चारचे आठ टीबी करताना

माझ्याकडे कॉम्प्युटरला बाहेरून जोडायचा, हार्ड डिस्कसाठी दोन खण असलेला एक डबा आहे. त्यात ४ टीबीच्या दोन डिस्क, लिनक्सच्या सॉफ्टवेअर रेडने मिरर केलेल्या, म्हणजे एकीवर जे लिहिलं जातं तेच दुसरीवरही. वीसेक वर्षांचे फोटो आणि जुन्या कॅसेटींवरून उतरवून घेतलेले आवाज त्यावर आहेत. जागा संपत आली तेव्हा ८ टीबीच्या दोन डिस्क आणल्या. एक काढायची, नवी घालायची, भरू द्यायची, मग दुसरीचं तसंच. कागदावर चार ओळींचं काम. प्रत्यक्षात पाच दिवस गेले, आणि त्यातला एक माझ्याच हुशारीपायी.

डिस्क घेताना एकच गोष्ट बघितली, ती सीएमआर (ट्रॅक एकमेकांवर न चढणारी) आहे ना. एसएमआर डिस्कवर ट्रॅक, म्हणजे डेटा लिहायचे गोल पट्टे, कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात. सलग कित्येक तास लिहायला लावलं की त्या रांगायला लागतात.

मिरर म्हणजे बॅकअप नव्हे हे ऐकून ऐकून कान किटले होते, म्हणून आधी सगळा डेटा एका तिसऱ्या, सुट्या डिस्कवर उतरवला. प्रत्येक फाइलचा शा-२५६ चेकसम (मजकुरावरून काढलेला, फाइलचा जणू अंगठ्याचा ठसा) काढून त्यांची यादी केली. मग दोन्ही जुन्या डिस्कचा स्मार्ट रिपोर्ट, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद, बघितला. उजवी ठणठणीत. डावीच्या ‘करंट पेंडिंग सेक्टर’समोर ८ आकडा. सेक्टर म्हणजे डिस्कवरचा ५१२ बाइटचा कप्पा; असे आठ म्हणजे जेमतेम ४ केबी, जे डिस्कला वाचता येत नव्हते. एरवी कळलंही नसतं, कारण तो भाग कुणी वाचायलाच जात नव्हतं.

इथे मी थांबले ते बरं झालं. उजवी आधी काढली असती, तर नवी डिस्क भरायला एकटी डावीच उरली असती आणि त्या ४ केबीची दुसरी प्रत मिररमध्ये कुठेच नसती. म्हणून मिरर शाबूत असतानाच पूर्ण ‘चेक’ चालवला. त्यात दोन्ही डिस्क पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत वाचल्या जातात. एकीवर वाचता आलं नाही तर दुसरीवरून आणून तिथे पुन्हा लिहिलं जातं. नऊ तासांनी पेंडिंगचा आकडा शून्य झाला. तरी त्या डिस्कवरून मन उडालं ते उडालंच. आधी डावीच काढायची हे ठरलं. दोन्हींवर सीरियल नंबरची शेवटची चार अक्षरं लिहून कागदी टेप चिकटवली. लिनक्स डिस्कना देतं त्या एसडीबी, एसडीसी या नावांवर भरवसा ठेवायचा नाही, मशीन रीस्टार्ट केलं की ती अदलाबदल होऊ शकतात.

आता माझी हुशारी. एक डिस्क काढली की नवी भरेपर्यंत सगळा भार एकीवर. तो का घ्यायचा? घरात एक जुना यूएसबी डॉक (सुटी डिस्क खोचून कॉम्प्युटरला जोडायचा स्टँड) पडून होता. नवी डिस्क त्यात लावली, मिरर तात्पुरता तीन डिस्कचा केला आणि झोपले. सकाळी एमडीस्टॅटमध्ये, म्हणजे मिररची स्थिती दाखवणाऱ्या फाइलमध्ये, तीन यू एका ओळीत; एक यू म्हणजे एक डिस्क चालू. डावी काढून खणात ठेवली (टेबलाच्या!), मिरर परत दोनाचा केला, सगळं बंद करून नवी डिस्क डॉकमधून डब्यात हलवली, आणि चालू केलं.

[_यू]. एका डिस्कची जागा रिकामी. नवी डिस्क कोरी. पार्टिशनसुद्धा (डिस्कवर आखलेला भाग) नाही.

बॅकअप होता, उजवी डिस्क चालत होती, डावी हाताशी होती. तरी पोटात गोळा आला. तीच डिस्क परत डॉकमध्ये लावली तर पार्टिशन जागेवर. पुन्हा डब्यात, पुन्हा कोरी. तिसऱ्या फेरीला दोन्हीकडचा सेक्टरचा आकार तपासला आणि उलगडा झाला. डब्यात तो ५१२ बाइट दिसत होता, डॉकमध्ये ४०९६.

सेक्टर मोजायला ३२ बिटच असतील तर ५१२ बाइटच्या हिशेबाने २.२ टीबीच्या पुढे जाता येत नाही. जुन्या कॉम्प्युटरांना मोठी डिस्क दिसावी म्हणून काही डॉक आणि डबे मधल्या मध्ये सेक्टर आठपट मोठा करून सांगतात. जीपीटी पार्टिशन टेबल, म्हणजे पार्टिशन कुठे आहेत याची नोंद, सेक्टर क्रमांक १ वर असतं. डॉकमधून लिहिताना ते ४०९६ व्या बाइटवर गेलं आणि डबा ते ५१२ व्या बाइटवर शोधत होता. डेटा होता तिथेच, फक्त पत्ता चुकला होता. तेव्हा डिस्क जिथे कायमची राहणार तिथेच पार्टिशन पाडा आणि तिथेच भरा. मी डॉक बाजूला ठेवला, डब्यातच पार्टिशन नव्याने पाडलं आणि डिस्क मिररमध्ये जोडली.

सुरुवातीला साडेसहा तास लागतील असं दिसत होतं, लागले नऊ. डिस्क बाहेरच्या ट्रॅककडून आत सरकते तसा वेग पडत जातो, त्यामुळे पहिल्या तासातल्या अंदाजावर जेवणाची वेळ ठरवू नये. उजवी काढून दुसरी नवी घातली तेव्हा सहा तासांत उरकलं. दोन्ही नव्या, आणि ४ टीबीचा भाग त्यांच्या वेगवान बाहेरच्या अर्ध्यातच मावत होता.

एवढं होऊनही मिरर ४ टीबीचाच होता. आकार कमाल करायची आज्ञा दिली, मग नव्या अर्ध्याचं सिंक (दोन्ही डिस्क एकसारख्या करणं) आणखी आठ तास चाललं. त्यानंतर ईएक्सटी४ ची फाइलसिस्टीम (लिनक्सची फाइली मांडून ठेवायची व्यवस्था) वाढवली, ती चालू असतानाच, दोन मिनिटांत. मोकळी जागा बघून चरफडले. ८ टीबीचे ७.३ दिसतात ते ठीक, तो हजार आणि १०२४ चा फरक. पण ईएक्सटी४ मुळात ५ टक्के जागा रूटसाठी (सिस्टीमच्या मुख्य खात्यासाठी) राखून ठेवते आणि फाइलसिस्टीम वाढवली तसा तो वाटाही वाढला. ८ टीबीत ते जवळपास ४०० जीबी होतात. नुसत्या साठवणीच्या डिस्कवर एवढी गरज नाही, १ टक्क्यावर आणलं.

शेवटी चेकसमची यादी ताडून बघायला लावली आणि समोरच बसून राहिले. ‘ओके’ची रांग सरत होती. मध्येच एक ‘फेल्ड’. डाव्या डिस्कचे ते आठ सेक्टर डोळ्यासमोर आले. फाइलचं नाव वाचलं तर ती चेकसमची यादीच होती. मी ती त्याच फोल्डरमध्ये लिहीत होते, त्यामुळे ती अर्धवट असतानाच तिचाही चेकसम तिच्यात नोंदला गेला होता.