विलीसचा अँटेना, भाग ३: दोष काठीत नव्हताच

पावसाळ्याआधी अर्धवट सोडलेलं काम या रविवारी मार्गी लागलं. म्हणजे, जवळजवळ.

माझ्या विलीस एमबीच्या, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन लष्करी जीपच्या, मागच्या डाव्या कोपऱ्यावर एमपी-४८ बेस, म्हणजे अँटेनाच्या काठीची बैठक, बसवलाय. स्प्रिंग चोर बाजारात एका दुकानात मिळाली, इन्सुलेटर दुसऱ्या. काठी एमएस-११६, ११७, ११८ अशा तीन तुकड्यांची, जोडून साधारण २.७ मीटर. युद्धकाळात जीपवरचा एससीआर-५१० हा लष्करी रेडिओ सेट २० ते २७.९ मेगाहर्ट्झवर चालायचा. आपला हॅमचा, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांचा, १० मीटर बँड त्याच्या लगेच वर, २८ पासून. काठी पाव तरंगलांबीइतकी हवी; तिथे ती अडीच मीटरच्या आसपास, त्यामुळे काठी थोडी लांब पडते. मूळ तुकडा कापायला हात धजावेना. मग बेसखाली सिरीजमध्ये व्हेरिएबल कंडेन्सर टाकला. तो फिरवला की जादा लांबीचा हिशेब जुळतो.

कागदावर जुळतो, हो! एसडब्ल्यूआर (सेट आणि अँटेना किती जुळलेत त्याचं माप, १ म्हणजे उत्तम) ३ च्या खाली यायलाच तयार नाही. दोन रविवार कंडेन्सर फिरवण्यात गेले, लॅमिंग्टन रोडच्या दोन फेऱ्या झाल्या, सेट ते अँटेना जाणाऱ्या कोअॅक्स केबलचे कनेक्टर बदलले. शेवटी शेडमधले डेंटरकाका म्हणाले, "साहेब, रंगावर बोल्ट आवळलाय तुम्ही. अर्थिंग कुठून मिळणार?"

ऑलिव्ह रंगाचे ते तीन हात मीच कौतुकाने मारले होते. ब्रॅकेटखालचा पत्रा पॉलिश पेपरने उघडा केला, दातेरी वॉशर घातले, तिथून चासीपर्यंत तांब्याची विणलेली रुंद पट्टी ओढली. एसडब्ल्यूआर १.४! जोडावर ग्रीस थापलंय, इथल्या खाऱ्या हवेचा काय भरवसा.

आता राहिली इंजिनची कडकड. गाडी बंद असली की स्टेशनं स्वच्छ, चालू केली की पापड भाजल्यासारखा आवाज. रेडिओसाठी इग्निशनचा खरखराट दाबलेल्या जीपच्या बॉनेटवर नंबरानंतर शेवटी 'एस' लिहीत, ते उगाच नाही. बॉनेट ते टब (गाडीची बॉडी) पट्ट्या जोडायच्यात, ठिणगीचा खरखराट दाबणारे सप्रेसरही शोधतोय. गाडी ६ व्होल्टची असल्याने सेटला १२ व्होल्टची वेगळी बॅटरी दिलीय, म्हणजे आवाज तारेतून कमी, हवेतूनच जास्त येत असणार.

रेल्वे फाटक ओलांडायचं असलं की आधी काठी वाकवून सुती दोरीने बांधतो. वर २५ हजार व्होल्टची तार आहे, तिथे हौस नको.

पुढच्या रविवारी बॉनेट.