आठ जण दोनदा कसे उभे राहतील?

"सर, बेरीज तर बरोबर आहे, मग मार्क का गेले?" दहावीच्या पोरांचे पालक वही पुढे करून हमखास विचारतात. गणितही ठरलेलं. वर्गात ४० मुलं, २६ क्रिकेट खेळतात, १८ कबड्डी, आणि त्यांतले ८ दोन्ही. चिठ्ठी टाकून एकाचं नाव काढलं, तर तो निदान एक खेळ खेळणारा असण्याची संभाव्यता किती? पोरगं २६ आणि १८ मिळवून ४४/४० लिहून मोकळं होतं.

४० जणांच्या वर्गात ४४ आले कुठून, हे सूत्र लिहून पटत नाही. म्हणून मी एकदा कोण काय खेळतो ते लिहून ४० चिठ्ठ्याच वाटल्या. 'क्रिकेटवाले, उभे राहा!' २६ उठले. 'आता कबड्डीवाले!' नवे दहाच उठले. आठ जण आधीच उभे, एकमेकांकडे बघत. मागून आवाज आला, "सर, आम्ही दोनदा कसे उभे राहणार?" उभे ३६, बसलेले ४. उत्तर ३६/४०, म्हणजे ९/१०. n(A), म्हणजे हवे तेवढे, आणि n(S), म्हणजे एकूण, हे त्यानंतर फळ्यावर.

पुढचा प्रश्न दहावीला येत नाही, तरी मी विचारतोच. नाव निघालेला क्रिकेटवाला आहे एवढं कळलं, तर तो कबड्डीही खेळत असेल का? पोरं ८/४० म्हणतात. मग मी बसलेल्यांना आणि नुसत्या कबड्डीवाल्यांना व्हरांड्यात पाठवतो. आत राहिले २६. म्हणजे ८/२६, ४/१३. कबड्डीवाल्यांकडून मोजलं तर ८/१८, ४/९. आठ जण तेच, छेद बदलला.

अर्थात हे सगळं चालतं ते प्रत्येक चिठ्ठी निघण्याची शक्यता सारखी असते म्हणून. ती सारखी नसली की काय होतं, ते मला हजेरीपटानं शिकवलं. २३ जणांत कुणातरी दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असण्याची शक्यता निम्म्याहून किंचित जास्त, हे मी एकदा ऐटीत दाखवायला गेलो. पट उघडला, तर सात जणांची जन्मतारीख १ जून! नाव घालायला आलेल्या आईला तारीख आठवेना, म्हणून गुरुजींनी टाकलेली. वर्ग माझ्यावर हसला. आता पट बाजूला ठेवतो आणि आधी विचारतो, "घरी केक कधी कापतात?"