एका लाइनवर नदी नसते

समुद्राच्या तळाखाली गाडल्या गेलेल्या नद्या शोधते, असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "म्हणजे खाली पाणी वाहताना दिसतं?" मावशीने विचारलाय, बोटीच्या तांडेलाने विचारलाय. आता तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगते.

पाणी दिसत नाही; वाहणारं पाणी तिथे नाहीच. सुमारे 20,000 वर्षांपूर्वी समुद्राची पातळी आजच्यापेक्षा जवळपास 120 मीटर खाली होती. मुंबईसमोरचा उथळ तळ सुमारे 300 किलोमीटर रुंद आहे आणि त्यातली बरीचशी तेव्हा उघडी जमीन होती. कोकणातल्या, गोव्यातल्या नद्या आजच्या मुखापाशी न थांबता ती जमीन कोरत पुढे जायच्या. मग बर्फ वितळलं, समुद्र चढत आला, खोरी गाळाने भरली. आज वरून पाहिलं तर तळ सपाट.

आम्ही बोटीमागे बूमर ओढतो. त्यातली धातूची पट्टी ठरावीक अंतराने 'टक्' करते. तो आवाज थोडा तळावरून परततो, थोडा चिखलात शिरतो आणि चिखल संपून रेती किंवा कातळ लागला की तिथूनही परततो. हायड्रोफोन, म्हणजे पाण्यातले मायक्रोफोन, दोन्ही प्रतिध्वनी टिपतात. तळाच्या प्रतिध्वनीनंतर 16 मिलिसेकंदांनी दुसरा आला, तर मऊ चिखलात आवाज सेकंदाला साधारण 1500 मीटर जातो हे धरून, जाण्यायेण्याचे दोन भाग करून, 12 मीटर खोली निघते.

असे हजारो 'टक्' शेजारी शेजारी मांडले की रेकॉर्डवर एक खोलगट रेघ उमटते. कधी तिचा एक काठ उभा असतो आणि दुसऱ्या काठाशी तिरपे थर एकावर एक रेललेले असतात. वळणाच्या आतल्या बाजूला रेती टाकत नदी बाहेरच्या काठाकडे सरकते, त्याच्या त्या खुणा. ती नदी कुठल्या अंगाला सरकत होती, हे इतक्या वर्षांनी कळतं. इतके रेकॉर्ड पाहिले, तरी अशा जागी माझं बोट अजून स्क्रीनवर थांबतं. (रेकॉर्डवर ती दरीसारखी दिसते, कारण उभं माप ताणलेलं असतं. 300 मीटर रुंद आणि 12 मीटर खोल पात्र खरं तर ताटासारखं पसरट.)

पण एका लाइनवर, म्हणजे बोटीच्या एका सरळ फेरीत, दिसतो तो नुसता खड्डा. शेजारच्या लाइनवर तो पुन्हा सापडला, त्याची खोली जुळली, तर नदी. सुरुवातीच्या वर्षांत एका बंदराच्या कामात अर्धा किलोमीटर अंतरावरच्या दोन लाइनींवरचे खड्डे मी बिनदिक्कत जोडून टाकले. नकाशावर सुरेख वळण आलं होतं. नंतर मधून आडवी लाइन मारली, तर तिथे कातळाची धार निघाली. दोन वेगळे ओहोळ होते. तो नकाशा तसाच पुढे गेला असता, तर मऊ चिखल समजून आखलेले खांब कातळावर आले असते, आणि खऱ्या पात्रावरच्या खांबांना कातळ लागलाच नसता.

तेव्हापासून माझ्या नकाशात जिथे आडवी लाइन आहे तिथेच रेघ सलग असते. बाकी तुटक. चिखलात मिथेन साठलेला असेल तर त्याखालचं सगळं पुसट होतं. तिथे तीही काढत नाही. इंजिनियर विचारतात, "मॅडम, इथे नदी गेली कुठे?" मी म्हणते, पावसाळ्याआधी दोन दिवस बोट द्या, आणि एक बोअर घेऊ द्या.