हाली रुपया आणि पाचशेच्या नोटा

मंगळवार, रात्री

आजीच्या लुगड्यांना ऊन दाखवावे म्हणून आज तिची ट्रंक रिकामी केली, तेव्हा तळाच्या कागदाखाली एक जुनी चंची सापडली आणि तीतून चारमिनार उमटलेला निजामाचा एक हाली रुपया व २०१६ मध्ये रद्द झालेल्या पाचशेच्या नऊ नोटा निघाल्या.

पैसे वाया गेले याचे मला फारसे काही वाटले नाही. (अशा दहा नोटा जवळ ठेवायला कायद्याची हरकत नाही, तेव्हा आजी गुन्हेगारही ठरत नाही.) खटकले ते वेगळेच. त्या नोव्हेंबरात मी स्वतः तिला म्हटले होते, "जुन्या नोटा असतील तर दे, बँकेत भरून येतो," आणि ती म्हणाली होती, "माझ्यापाशी कुठले आले पैसे?" श्रावणबाळ योजनेचे, म्हणजे म्हातारपणच्या सरकारी पेन्शनचे, पैसे मी काढून आणायचे, गोळ्या मी आणायच्या आणि लपवायचे तेही माझ्यापासूनच? काकांना ठाऊक होते, असे आता दिसते. ते असो.

रागातच तिचा हिशेब मांडू लागलो. ती परकरात होती तेव्हा बाजारात निजामाचा हाली आणि इंग्रज सरकारचा कलदार असे दोन रुपये चालत, सहा कलदारांना सात हाली. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस अ‍ॅक्शन झाली, निजामाचे राज्य गेले आणि काही वर्षांनी त्याचा रुपयाही गेला. गाव न सोडता ती १९५६ मध्ये मुंबई राज्यात, १९६० मध्ये महाराष्ट्रात आणि १९८२ मध्ये उस्मानाबादेतून लातूर जिल्ह्यात गेली. बहात्तरच्या दुष्काळात तिने खडी फोडली, सुकडीवर दिवस काढले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती बोळवून लोक नुकते निजले असताना, भूकंपाने आमचे दगडमातीचे घर बसवले. ट्रंकेचा एक कोपरा तेव्हापासून चेपलेला आहे. धाकट्या आत्याविषयी आज लिहवत नाही.

इतके पाहिलेल्या बाईने चार पैसे दडवले तर नवल काय, अशी मी मनाची समजूत घालतो. पण ती पटत नाही, कारण सरकारे बदलली असली तरी नातू तोच होता.

जेवताना न राहवून विचारले, "बंद झालेले पैसे कशाला ठेवलेस?" दुधात भाकरी कुस्करत ती म्हणाली, "कवातरी चालतच व्हते की." मला हसू आले आणि रागाचा जोर तिथेच ओसरला. शिवाय पोथीच्या बासनात मी जे थोडे ठेवले आहे, त्याचा पत्ता आमच्या घरात तरी कोणाला आहे?

चंची परत दिली तेव्हा तिने माझ्यासमोर नोटा मोजल्या आणि खात्री पटेना म्हणून पुन्हा मोजल्या. ट्रंकेची किल्ली मागण्याचा विचार मी सोडून दिला आहे. ती नाही म्हणाली असती तर रुसायला कारण तरी मिळाले असते, पण ती हसत हसत भलतीच किल्ली हातावर ठेवील, एवढे मी तिला ओळखतो.