पलंगावरची भिंत का नको

ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या एका टॉवरमध्ये दीड टनाचा स्प्लिट एसी बसवायचा होता. काकूंनी जागा आधीच ठरवली होती, पलंगाच्या डोक्याशी मधोमध. "दादा, इथेच लावा, बेडरूम लवकर गार होईल." मी भिंत वाजवून पाहिली. दोन खोल्यांमधली चार इंची सायपोरेक्सची, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीट ब्लॉकची भिंत. बाहेरची भिंत तिथून बारा फूट. उशाशी स्विचबोर्ड होता, म्हणजे त्याच्या वर सरळ रेषेत वायर असणारच. वायर शोधणारा डिटेक्टर नेमका बॅकप्लेटच्या, म्हणजे युनिट टांगायच्या पत्र्याच्या जागी वाजला.

वायर चुकवता येते. सायपोरेक्सलाही उपाय आहे: ड्रिलचं हॅमर बंद ठेवायचं आणि साध्या छोट्या प्लगऐवजी हलक्या ब्लॉकसाठीचे लांब नायलॉन प्लग वापरायचे. छोटे प्लग दहा-बारा किलोच्या युनिटखाली हळूहळू सैल होतात. पण पाण्याचं काय? बारा फूट ड्रेन पाइपला फुटामागे पाव इंच उतार धरला, तर दुसरं टोक तीन इंच खाली येतं. मध्ये कुठे पाइप लोंबला की तिथे पाणी आणि शेवाळ साचतं, ट्रे भरून वाहतो. पावसाळ्यात खाडीकडच्या दमट हवेत एसीतून दिवसाला कित्येक लिटर पाणी निघतं. ते इथे उशीवर आणि स्विचबोर्डवर आलं असतं.

म्हणून दुसरी जागा शोधली. खिडकी आणि कॉलमच्या मध्ये बाहेरच्या भिंतीचा चार फुटांचा पट्टा होता. युनिट तीन फुटांचं, म्हणजे दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच मोकळे. वर बीम पुढे आलेला होता. हवा वरून आत खेचली जाते, म्हणून बीमच्या खालीही सहा इंच सोडले; खालची कड पावणेसात फुटांवर आली. कॉलम-बीमला कोअर मशीन (गोल भोक पाडायचं यंत्र) लावायचंच नाही, आतली सळई कापली जाते. अडीच इंची भोक सायपोरेक्समध्येच पाडलं, बाहेरच्या बाजूला साधारण एक सेंटीमीटर उतरतं. पाइप ओवल्यावर भोक पुट्टीने बुजवलं, नाहीतर पावसाचा झोत तिथूनच आत शिरतो. बॅकप्लेट पाणसळ लावून बसवली आणि दोन्ही हातांनी खाली ओढून पाहिली.

काकूंना एक्स्टेन्शन बोर्ड वापरायचा होता. त्याला मी साफ नकार दिला, कारण तासन्‌तास चालणाऱ्या एसीच्या करंटने त्याचा प्लग तापून वितळतो. डीबीपासून, म्हणजे घराच्या मुख्य वीजपेटीपासून वेगळी चार चौरस मिलिमीटरची वायर, २० अँपिअरचा सी प्रकारचा एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) आणि १६ अँपिअरचं सॉकेट घेतलं. सॉकेट युनिटच्या खाली नाही, बाजूला. गळती झालीच तर थेंब त्यात पडू नयेत.

शेवटी फिल्टर काढून ट्रेमध्ये हळूहळू लिटरभर पाणी ओतलं. बाहेर धार लगेच आणि अखंड आली. ड्रेनचं टोक बादलीतल्या पाण्यात बुडू द्यायचं नाही, हे काकूंना दाखवलं. सुताराला पुढून पेल्मेट, म्हणजे एसी झाकणारी लाकडी चौकट करायची होती; ती रद्द करायला लावली. झाकलेला एसी स्वतःचीच गार हवा परत ओढतो आणि खोली गार व्हायच्या आधीच कॉम्प्रेसर मंदावतो किंवा बंद पडतो.